योग्य बैठकीचा शोध : बाल्टिमोरच्या गुत्त्यापासून पुण्याच्या मुक्तांगणापर्यंत

१/१२
दारू सोडू पाहणाऱ्याला आज सहज सांगितले जाते, ‘एखाद्या बैठकीला जाऊन बघा, तिथे मन लागले नाही तर दुसरी शोधा.’ साधा वाटणारा हा सल्ला देता यावा, इतक्या तऱ्हांच्या बैठका उभ्या राहायला शंभराहून अधिक वर्षे लागली. आजचा धागा त्या इतिहासाविषयी.

२/१२
एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत मद्यपानविरोधी चळवळ जोरात होती. मात्र तिचा भर न पिणाऱ्यांना दारूपासून दूर ठेवण्यावर होता. जो पुरता आहारी गेला, त्याची आशा बहुतेकांनी सोडून दिलेली असे. तो व्याख्यानात उदाहरणापुरता येई. श्रोत्यांत त्याला जागा नव्हती.

३/१२
एप्रिल १८४० मध्ये बाल्टिमोर शहरात एका गुत्त्यात नित्य जमणाऱ्या सहा मित्रांनी दारू सोडण्याची शपथ घेतली आणि स्वतःचीच संस्था काढली. तिचे सदस्य ‘वॉशिंग्टनियन’ म्हणून ओळखले गेले. त्यांच्या सभेत प्रवचन नसे. एकेक जण उठून आपली कहाणी सांगे. व्यसनी माणूस प्रथमच श्रोता झाला, आणि वक्ताही.

४/१२
२२ फेब्रुवारी १८४२ रोजी स्प्रिंगफील्ड येथे या मंडळींसमोर एका तरुण वकिलाने भाषण केले. त्याचे नाव अब्राहम लिंकन. दारूच्या तावडीत न सापडलेल्यांनी सद्गुणाचा तोरा मिरवू नये, त्यांना केवळ ती ओढ नसावी, असा त्याचा रोख होता. धर्मनिष्ठ श्रोत्यांपैकी अनेकांना तो रुचला नाही.

५/१२
ही लाट प्रचंड होती, पण दहा वर्षांच्या आतच ओसरली. दारूबंदीचा कायदा हवा की नको, यांसारख्या वादांत संस्था ओढली गेली. व्यसनाशी झुंजणाऱ्याची बैठक राजकीय व्यासपीठ झाली, तेव्हा त्याची जागा पुन्हा हरवली.

६/१२
आता ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन, मे १९३५. न्यूयॉर्कचा शेअर व्यावसायिक बिल विल्सन काही महिन्यांपूर्वीच दारूतून बाहेर आला होता. अ‍ॅक्रनमधला व्यवहार फसला. मेफ्लॉवर हॉटेलच्या दालनात एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला चर्चची यादी आणि दूरध्वनी. त्याने दूरध्वनी उचलला. दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोलल्याशिवाय आपण तगणार नाही, हे त्याला उमगले होते.

७/१२
हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंच्या मध्यस्थीने १२ मे रोजी त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी पडली. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि काही तास बसून राहिले. समोरचा माणूस उपदेश करत नव्हता, स्वतःविषयी बोलत होता. मधे डॉक्टर एकदा पुन्हा घसरले. पण १० जून १९३५ नंतर त्यांनी मद्याला स्पर्श केला नाही. ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ म्हणजे ए.ए. याच दिवसाला आपला जन्मदिवस मानते.

८/१२
तथापि प्रारंभीच्या बैठका ‘ऑक्सफर्ड ग्रुप’ या ख्रिस्ती चळवळीच्या छत्राखाली भरत. क्लीव्हलंडची मंडळी त्यासाठी अ‍ॅक्रनला जात. त्यांच्यातील कॅथलिकांना मात्र या चळवळीत भाग घेणे धर्मदृष्ट्या अडचणीचे होते. दारू सोडायची तर श्रद्धा पणाला लावायची का? मे १९३९ मध्ये क्लेरेन्स स्नायडर आणि त्याच्या साथीदारांनी वेगळी बैठक सुरू केली आणि नुकत्याच निघालेल्या पुस्तकावरून तिला ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ हेच नाव दिले. फाटाफुटीतून चळवळ वाढली, ती अशी.

९/१२
स्त्रियांची वाट अधिक खडतर. स्त्री व्यसनी असू शकते, हेच अनेकांना पटत नसे. १९३९ मध्ये मार्टी मान ब्रुकलिनमधील विल्सन यांच्या घरच्या बैठकीला गेल्या. बैठकीतून सावरलेल्या आरंभीच्या स्त्रियांत त्यांची गणना होते. पुढे १९७५ मध्ये जीन कर्कपॅट्रिक यांनी केवळ स्त्रियांसाठी ‘विमेन फॉर सोब्रायटी’ ही स्वतंत्र संस्था काढली.

१०/१२
प्रवेश कोणाला द्यायचा? १९३९ च्या पुस्तकात अट होती, दारू सोडण्याची ‘प्रामाणिक’ इच्छा. पुढे ‘प्रामाणिक’ हा शब्द गळला. दुसऱ्याच्या मनातील प्रामाणिकपणा मोजणार कोण? उरली ती केवळ इच्छा. १९५० मध्ये क्लीव्हलंडच्या अधिवेशनात संमत झालेल्या बारा परंपरांपैकी तिसरी हीच. सदस्यत्वाला शुल्क नाही. ‘खुल्या’ बैठकीला कोणीही जाऊ शकतो. ‘बंद’ बैठक फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांची.

११/१२
महाराष्ट्रातील एक दुवा पाहा. १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. तिथे उपचारांना समूहाची जोड मिळाली. उपचार संपल्यावरचा पाठपुरावा आणि व्यसनींच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट यांमुळे घरच्यांनाही बसायला जागा झाली.

१२/१२
या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. पहिल्या बैठकीत परके वाटले म्हणून तो माणूस नालायक ठरत नाही आणि बैठकीची कल्पनाही फोल ठरत नाही. कॅथलिकांना परके वाटले, स्त्रियांना वाटले. म्हणूनच नव्या बैठका जन्मल्या. मात्र वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडणे जिवावर बेतू शकते. त्याने आधी डॉक्टर गाठावा. डॉक्टरांच्या जोडीने बैठकही शोधावी. आणि पहिलीत मन लागले नाही, तर दुसरीचे दार ठोठवावे.

#इतिहास #मराठी #व्यसनमुक्ती