ट्रॉलीच्या पाट्यांना इतिहास असतो का?

आजचा इतिहास किल्ल्यांचा नाही, उसाच्या ट्रॉलीखालच्या कमानपाट्यांचा आहे. हसू नका, ऐका तर.

भीमेच्या अलीकडे-पलीकडे, म्हणजे दौंड आणि शिरूरमध्ये, पूर्वी ओझं वाहायची ती बैलगाडी. तिला आस, तुंबा, आरे आणि लोखंडी धाव होती, पाटे नव्हते. दणका बसला की तो थेट लाकडाला नि बैलाच्या खांद्याला. गाडी हळू चालायची म्हणून भागत होतं. वंगण घातलं की झालं.

मग पाणी आलं. खडकवासल्याचं धरण 1870 च्या दशकातलं, आणि त्याचा उजवा कालवा सुमारे 112 किलोमीटर लांब, थेट पाटसपर्यंत. शिरूरला पुढे चिंचणीचं घोड धरण झालं. पाण्यामागून ऊस आला, उसामागून सहकारी कारखाने: पाटसला भीमा, न्हावऱ्याला घोडगंगा. आता ओझं टनांत मोजायचं आणि ओढायला ट्रॅक्टर. बिनपाट्याच्या गाडीला इथे टिकणं अवघड होतं.

पाटा मात्र आला घोडागाडीतून. लंडनच्या ओबाडाया इलियटने 1804 मध्ये बग्गीसाठी लंबगोल कमानींचं पेटंट घेतलं. एकावर एक पोलादी पट्ट्या, खाली जाईल तशा आखूड. हीच युक्ती आज आपल्या चारचाकी ट्रॉलीखाली आहे.

आता खरा मुद्दा. आपल्याकडे सपाट झालेला पाटा भट्टीत तापवून पुन्हा वाकवतात. लोहाराला ठाऊक असतं की पोलादाला पाणी द्यावं लागतं. पण किती तापवायचं, कशात विझवायचं, नंतर पुन्हा किती शेकायचं, यात चूक झाली की पाटा एक तर मऊ राहतो, नाहीतर काचेसारखा तडकतो. धाव बसवण्याचं कसब मोठंच, पण पाट्याचं पोलाद वेगळं. माझं मत स्पष्ट आहे: तडा गेलेला पाटा वेल्डिंग करू नका, बदला. आणि एका बाजूचा थकला असेल तर दुसऱ्या बाजूचाही बघा, नाहीतर ट्रॉली एका अंगाला कलते.

पाटा बहुतेकदा मधल्या भोकापाशी तुटतो. यू-बोल्ट सैल झाले की सगळा ताण सेंटर बोल्टवर येतो. तो तुटला की आस सरकतो आणि ट्रॉली तिरकी चालते. मागून बघा, चाकं एका रेषेत दिसत नाहीत. न्हावरे-चौफुला रस्त्यावर रात्री अशी ट्रॉली पुढे असेल तर मी लांबच राहतो. त्या उसावर कधीकधी तोडणीवाल्यांची पोरंही बसलेली असतात.

गळीत सुरू व्हायच्या आधी शॅकलच्या पिना आणि बुश हलवून बघा. खडखड असेल तर बदला, ग्रीस भरा. नवे पाटे टाकलेत तर पहिली खेप कारखान्यावर रिकामी झाली की यू-बोल्ट पुन्हा आवळा. नवे पाटे ओझ्याखाली बसतात, तेव्हा बोल्ट ढिले पडतात.