समुद्र मागे हटला, शहर राहिलं

मागच्या एपिसोडमध्ये म्हटलं होतं की पुढचा विषय फिरताना सापडेल. तसंच झालं. नेदरलँड्समध्ये प्रोजेक्टवर आहे, त्यामुळे एका शनिवारी पहाटे मैत्रिणीसोबत कोच बसमध्ये बसले आणि थेट बेल्जियममधलं ब्रूज गाठलं. बस शहराच्या कडेला मिन्नेवॉटर तलावाजवळ सोडते. तिथून पुढे चालायचं. कालवे, दगडी पूल, हंस, उतरत्या छपरांची विटांची घरं. पहिली दहा मिनिटं फक्त फोटो काढले.

मग प्रश्न पडला. हे शहर समुद्रापासून दहा-पंधरा किलोमीटर आत आहे, मग इथे एवढा पैसा आला कुठून?

गोष्ट सुरू होते 1134 मध्ये. मोठ्या वादळात समुद्र आत घुसला आणि झ्विन नावाची खाडी खोल झाली. ब्रूजला समुद्राचा रस्ता मिळाला. त्याच्या सहाच वर्षं आधी, 1128 मध्ये, शहराला सनद मिळाली होती. जहाजं डाम या गावापर्यंत यायची, तिथून छोट्या होड्यांनी माल शहरात. इंग्लंडहून लोकर यायची, इथे तिचं भारी कापड व्हायचं. 1277 मध्ये जिनोआचे व्यापारी समुद्रमार्गे आले. मग व्हेनिसवाले, जर्मन, स्पॅनिश, सगळेच.

व्यापारी उतरायचे ते व्हान डर बुर्स नावाच्या कुटुंबाच्या खानावळीत. तिच्यासमोरच्या चौकात सौदे व्हायचे, चलनाचे भाव ठरायचे. त्या आडनावावरून ‘बोर्स’ हा शब्द आला असं मानतात. मुंबईत बीकेसीला भारत डायमंड बोर्स आहे ना? त्यातला बोर्स इथून निघालाय! मी चौकात उभी राहून दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं.

बेलफ्राय, म्हणजे घंटेचा मनोरा, 83 मीटर उंच आहे. 366 पायऱ्या चढले, पाय थरथरत होते. वर गेल्यावर मात्र सगळं समजलं. चारी बाजूंना सपाट जमीन. खाडीच नाही.

कारण झ्विन गाळाने भरत गेली. लोकांनी खोदकाम केलं, बंदर पुढे पुढे सरकवलं, पण गाळ जिंकला. त्यात राजकारण आलं. 1488 मध्ये ब्रूजच्या लोकांनी हॅब्सबर्ग घराण्याच्या मॅक्सिमिलियनला बाजारचौकातल्या एका घरात काही महिने कोंडून ठेवलं. त्यानेही राग काढला: परदेशी व्यापाऱ्यांना अँटवर्पला जायला सांगितलं. वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतला पोहोचला, आणि 1501 मध्ये पोर्तुगीजांची मिरी उतरली ती अँटवर्पला. आपल्या मलबारच्या मिरीने ब्रूजच्या जखमेवर मीठच चोळलं म्हणा!

आता खरी मजा. पैसा गेला म्हणून जुनं पाडून नवं बांधायलाही कोणी नव्हतं. एकोणिसाव्या शतकात हे बेल्जियममधल्या गरीब शहरांपैकी एक होतं. 1892 मध्ये जॉर्ज रोडेनबाख या लेखकाने कादंबरीच काढली, नावाचा अर्थ ‘मृत ब्रूज’. गावकऱ्यांना ते आवडलं नाही, पण पर्यटक वाढले. मग जुन्या इमारतींची डागडुजी झाली, काही तर जुन्या वाटाव्यात अशा नव्याने सजवल्या. 1907 मध्ये समुद्रावर झेब्रुगे बंदर सुरू झालं. 2000 मध्ये जुनं शहर युनेस्कोच्या यादीत गेलं.

हे सगळं मला जरा जास्तच लागलं, त्याला कारण आहे. त्याच आठवड्यात आम्हाला मेल आला होता की आमच्या टीमचं काम दुसऱ्या शहरात हलवतायत. कोणाचं चुकलं नव्हतं, प्रवाह दुसरीकडे वळला इतकंच. बोलताना आम्ही ज्याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतो, ते ब्रूजचं एकच होतं: खाडी.

संध्याकाळी कालव्याकाठी बसून बाबांना फोन केला. मी नालासोपाऱ्याची. बाबा म्हणाले, “अगं, आपलं सोपारा पण बंदरच होतं की! अशोकाचा शिलालेख सापडलाय तिथे. आता लोकलची गर्दी तेवढी उरलीय.” मी हसले. मग विचारलं, “बाबा, काम गेलं तर?” ते म्हणाले, “बंदर गेलं म्हणून सोपाऱ्यातली माणसं कुठे गेली? आपण आहोत ना अजून.”

सहा वाजता बसकडे निघालो. समोरून अशाच दहा-बारा बसमधली माणसं हातात वॉफल आणि चॉकलेटच्या पिशव्या घेऊन परतत होती. तेव्हा लक्षात आलं, ब्रूजची आजची जहाजं म्हणजे आम्हीच. सकाळी येतो, संध्याकाळी जातो. पुन्हा एकाच खाडीवर भिस्त. ही कधी भरली तर?

तुमच्या गावातलं असं एखादं बुजलेलं बंदर, बंद पडलेली गिरणी, ओसरलेली पेठ आहे का? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवते. भेटू लवकरच!