विद्यार्थिनीची तक्रार आणि महाविद्यालय : १९९७ ते २०१६

सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निर्णय १३ ऑगस्ट १९९७ चा. न्या. जे. एस. वर्मा, सुजाता मनोहर व बी. एन. किरपाल यांच्या पीठाने प्रत्येक कामाच्या ठिकाणी तक्रार समिती असावी, तिची प्रमुख स्त्री असावी व निम्म्याहून कमी नसतील इतक्या सदस्य स्त्रिया असाव्यात, असे ठरविले. मात्र या रचनेचा पाया मालक व नोकर हा होता. शिक्षा सेवानियमांनुसार व्हायची. छळणारा वर्गातलाच मुलगा असेल तर त्याला कोणते सेवानियम लावणार?

प्रश्न मग शिस्त समितीकडे जाई. माफीपत्र लिहून घेतले जाई, पालकांना बोलावले जाई आणि पुष्कळदा मुलीचेच शिक्षण थांबे. प्रकरण ‘मिटले’ अशी नोंद होई. मुलीला बाहेर शिकायला पाठवण्यासाठी ज्या घरांत आधीच वाद झालेले असतात, तिथे या एका नोंदीने धाकट्या बहिणीचीही वाट बंद होते, हे आपण शिक्षक जाणतोच.

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने १९९९ मध्ये वेगळी वाट धरली. तिथल्या समितीत विद्यार्थ्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी होते. ही समिती २०१७ मध्ये बरखास्त झाली. इतरत्र विशाखाची अंमलबजावणीच रखडली होती. पुण्याच्या ‘आलोचना’ संस्थेच्या मेधा कोतवाल यांच्या पत्रावरून चाललेल्या याचिकेत १९ ऑक्टोबर २०१२ रोजी न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावे लागले.

२०१३ च्या कायद्याने शिक्षणसंस्था ‘कामाचे ठिकाण’ ठरल्या आणि पीडित स्त्री नोकरीत असण्याची अट उरली नाही. विद्यार्थ्यांचा तपशीलवार विचार मात्र विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत झाला. ते २ मे २०१६ रोजी राजपत्रात आले. प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर समितीत तीन निर्वाचित विद्यार्थी असतात. प्राचार्य सदस्य होऊ शकत नाहीत, आणि माझ्या मते हेच कलम सर्वांत मोलाचे आहे. समितीच्या शिफारशीवरून तक्रारदार किंवा आरोपी यांपैकी एकाची तुकडी बदलता येते. मुलीला तिचे हक्क अबाधित ठेवून तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते. म्हणजे नाव कमी करण्याच्या जुन्या रिवाजाच्या नेमके उलट.

अकरावी-बारावीला वेगळा कायदा लागतो. १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात असलेल्या पोक्सोनुसार १८ वर्षांखालील मुलामुलींवरील लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळालेल्या कोणीही ती पोलिसांना कळवायची असते. लपविल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. माफीपत्र घेऊन गप्प बसणारा शिक्षकही त्यातून सुटत नाही.