वेळास: आधी राखण, मग पाहुणे

वेळास म्हटलं की इतिहासवाल्यांना नाना फडणवीस आठवतात, त्यांचं मूळ गाव म्हणून. मला मात्र मंडणगड तालुक्यातल्या या गावाचा अगदी अलीकडचा इतिहास सांगायचाय.

2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची माणसं समुद्री गरुडांची पाहणी करत इथे आली आणि किनाऱ्यावर त्यांना दिसलं, उकरून रिकामं केलेलं कासवाचं घरटं. ऑलिव्ह रिडले मादी एका खेपेला शंभराच्या आसपास अंडी घालते. ती माणसं खायला, विकायला न्यायची, उरलेली कोल्ह्या-कुत्र्यांची. मग गावातल्याच लोकांना सोबत घेऊन किनाऱ्यावर गस्त सुरू झाली. सापडलेली अंडी जाळीच्या कुंपणात, तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरायची. साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं वर येतात.

कासव महोत्सव आला 2006 मध्ये. मधली ही चार वर्षं मला फार महत्त्वाची वाटतात. आधी राखण बसली, मग पाहुणे बोलावले. तेही हॉटेलात नाही, गावकऱ्यांच्या घरात. (उकडीचे मोदक मिळाले तर सोडू नका!) अंडी विकून एकदाच चार पैसे सुटायचे, आता स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या हातात दर हंगामात येतात.

किनाऱ्यावर दोरी असते, तिच्यामागेच थांबायचं. सकाळ-संध्याकाळ टोपली उचलतात. कधी खाली पिल्लांची झुंबड, कधी नुसती वाळू. पुण्याहून रात्रभर गाडी चालवत आलेला माणूस वैतागतो, पण त्याच्यासाठी पिल्लं रोखून ठेवायची नसतात.