चतुःसीमा : काठीपासून गट नंबरापर्यंत



‘पूर्वेस ओढा, दक्षिणेस पांद, पश्चिमेस भाऊबंदांचा बांध, उत्तरेस बाभळ.’ जुन्या खरेदीखतांत जमिनीची ओळख अशीच लिहीत. घेणारा आणि देणारा एकाच पांदीने शेतात जात, तोवर ती पुरली. पुढे ओढा सरकला, बाभळ सरपणाला गेली आणि नातवंडांच्या हाती नुसता कागद उरला.

त्या काळी जमीन काठीने मोजत. 20 चौरस काठ्यांचा पांड, 20 पांडांचा बिघा, 120 बिघ्यांचा चाहूर. पण काठी ठरायची हाता-मुठीवर. 1835 च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यातून नव्या पाहणीची घडी बसवली. पुढे 33 फुटांची शंकू साखळी रुळली. तिचा चौरस म्हणजे गुंठा, 1089 चौरस फूट. 40 गुंठ्यांचा एकर. शेताला सर्व्हे नंबर मिळाला, हद्दीवर दगड बसले. जमीन ओळखता येईल असे वर्णन दस्तात हवेच, असे 1908 च्या नोंदणी कायद्याने ठरवले. 1947 च्या तुकडेजोड कायद्याने जिथे एकत्रीकरण झाले, तिथे गट नंबर आले. म्हणून आजोबांच्या खतात एक नंबर आणि सात-बारावर दुसरा दिसतो.

आता कुपवाडचेच पाहा. सांगली-मिरजेच्या मधले हे गाव. इथे औद्योगिक वसाहत झाली, 1998 मध्ये तिन्ही गावांची महापालिका झाली. एकराचे सौदे गुंठ्यावर आले. खतात लिहितात, ‘गट नंबर अमुक पैकी 3 गुंठे.’ सगळा घोळ त्या ‘पैकी’त! कुठले 3 गुंठे? चारी बाजूंना ‘राहिलेली जमीन’ लिहिली, तर तुमची खुंटी कुठे ठोकणार? क्षेत्र आणि चतुःसीमा जुळत नसतील, तर कोर्ट सामान्यपणे नक्की असलेल्या चतुःसीमेला मान देते. ती तरी धड हवी ना?

तेव्हा इसार देण्यापूर्वी एवढे करा :

1. जुन्या-नव्या नंबरांचा ताळा एकत्रीकरणाच्या उताऱ्यावरून घाला.

2. मालकाला भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करायला लावा. लगतचे खातेदार हजर असू द्या.

3. मोजणी नकाशा खताला जोडा, लांबी-रुंदी लिहा.

4. तुकडेबंदी व बिगरशेतीची खात्री करा.

5. सात-बारा महसुली नोंद आहे. मालकीसाठी मागची खतेही वाचा.

मोजणीची फी जड वाटते खरी. पण बांधाचा दावा दोन पिढ्या खातो!