लव्हिव: गारठ्याआधीचे तास

साडेसहा हजार तास आधी

एप्रिल 2023. पश्चिम युक्रेनमधल्या लव्हिव शहरात घरांना ऊब पुरवणाऱ्या नगरपालिकेच्या कंपनीच्या नेटवर्कमध्ये कुणीतरी शिरलं. वाट बहुधा इंटरनेटवर उघड्या असलेल्या एका मिक्रोटिक राउटरची. काही दिवसांतच आत वेबशेल, म्हणजे दुरून आज्ञा देण्याचं चोरदार, बसलं. लव्हिवमध्ये पाणी एका ठिकाणी तापवून पाइपांतून इमारतींत फिरवतात. उन्हाळा तोंडावर असताना त्या पाइपांकडे कोण बघणार?

हजारभर तास आधी

नोव्हेंबर-डिसेंबर. विंडोजच्या लॉगिनांची माहिती जिथे साठते ती सॅम फाइल चोरीला गेली. राउटर, चार मॅनेजमेंट सर्व्हर आणि ऊब सांभाळणारे एन्को कंट्रोलर, यांच्यात धड आडभिंत नव्हती. माझ्या मते आपत्ती इथेच ठरली होती.

काही तास आधी

22 जानेवारी 2024. मॉस्कोतल्या आयपी पत्त्यांशी एलटूटीपीची, म्हणजे बोगद्यासारखी, जोडणी उभी राहिली. बाहेर पारा शून्याखाली.

शेवटचा क्षण

रात्री आज्ञा सुटल्या, मॉडबसच्या. मॉडबस 1979 साली मॉडिकॉनने आपल्या पीएलसींसाठी, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरांसाठी, काढला, सिरिअल वायरीवर बोलण्यासाठी. एका रजिस्टरात आकडा लिहायला आठ बाइटांची फ्रेम लागते: एक स्लेव्हचा, म्हणजे आज्ञा घेणाऱ्या उपकरणाचा, पत्ता, एक फंक्शन कोड 06, दोन रजिस्टरचा पत्ता, दोन आकडा, दोन चूक पकडणारा सीआरसी. इथरनेटवर स्लेव्हचा पत्ता सात बाइटांच्या हेडरमध्ये जातो, सीआरसी गळतो, आणि बेरीज बारा होते. पोर्ट 502.

मायक्रोकंट्रोलरवर मॉडबस चालवणाऱ्याला हे बाइट तोंडपाठ असतात. पॅनलसमोर बसून आमची झटापट चालते ती वेगळ्याच गोष्टींशी. मॅन्युअलमधलं 40001 फ्रेममध्ये 0 असतं. ते विसरलं की आकडा शेजारच्या रजिस्टरात जाऊन बसतो. 65.0 अंशांसाठी 650 पाठवावेत आणि बाइट उलटे जावेत, तर समोर 35330. पूर्ण फ्रेम बाहेर पडण्याआधी आरएस-485 वायरीवर पाठवणं चालू ठेवणारा डीई पिन खाली आला की शेवटचा बाइट कापला जातो आणि स्लेव्ह गप्प. हे सगळं निस्तरल्यावर स्लेव्ह तीच फ्रेम जशीच्या तशी परत पाठवतो. ती दिसली की जीव भांड्यात पडतो.

पण पाठवणारा कोण, हे सांगायला त्या फ्रेममध्ये जागाच नाही. पासवर्ड नाही, सही नाही. सीआरसीला वायरीवरचा गोंगाट कळतो, माणसाची नियत कळत नाही. फ्रेम नीट असली, रजिस्टरात लिहायची मुभा असली, की कंट्रोलर लिहून मोकळा होतो. आपल्या एमआयडीसीतल्या पॅनलमध्येही हेच चालतं.

लव्हिवच्या कंट्रोलरांनीही आलेले आकडे लिहून घेतले.

पहिले तास

मोजमापं खोटी झाली. खोट्या आकड्यांवर चालणारी यंत्रणा गरम पाण्याऐवजी गार पाणी सोडू लागली. या कंपनीच्या उबेवर सहाशेहून जास्त निवासी इमारती अवलंबून होत्या. हल्लेखोरांनी कंट्रोलरांचं फर्मवेअर 51 आणि 52 वरून मागे, 50 वर नेलं होतं, आणि त्या जुन्या आवृत्तीत देखरेखीची सोयच नव्हती. म्हणजे बिघाड झाला तो झालाच, वर तो शोधणाऱ्यांच्या डोळ्यांवर पट्टी. मला सगळ्यात जास्त संताप येतो तो याचा. दुरुस्ती करणारा माणूस रजिस्टर वाचूनच पुढे जातो. त्याला वाचायलाच काही उरू दिलं नाही.

अठ्ठेचाळिसाव्या तासाकडे

सगळं पूर्ववत व्हायला जवळजवळ दोन दिवस लागले. युद्धाचा दुसरा हिवाळा, आणि हीटरला हात लावला तर तो गार. अंथरुणाला खिळलेल्या माणसांनी, तान्ह्या बाळांच्या आयांनी ते तास कसे काढले असतील, याचा हिशेब कुठल्याही तांत्रिक अहवालात बसत नाही.

तीन महिन्यांनंतर

एप्रिल 2024 मध्ये ड्रॅगोस या सायबरसुरक्षा कंपनीला गो भाषेत लिहिलेला एक विंडोज प्रोग्रॅम सापडला. त्याला फ्रॉस्टीगूप हे नाव मिळालं आणि जुलैमध्ये लव्हिवच्या हल्ल्यासह तो जगासमोर आला. तोवर अँटिव्हायरस कंपन्यांनी त्याला घातक ठरवलं नव्हतं. एका जेसन फाइलमधून तो आयपी पत्ता आणि आज्ञा उचलतो, पोर्ट 502 वर जातो आणि होल्डिंग रजिस्टरं वाचतो-लिहितो. वापरतो फक्त तीन फंक्शन: 3, 6 आणि 16. नव्या बोर्डावर मॉडबस चालतो का, हे बघायला आम्ही जो टेस्ट प्रोग्रॅम लिहितो, त्यातही हीच तीन असतात.