‘संशयकल्लोळा’ची अर्धापूर येथील एक शाळकरी प्रत

अर्धापूर म्हटलें कीं इतिहासभक्तांस तेथील केशवराजाची मूर्ति व शिलालेख आठवावे हें स्वाभाविक आहे. त्या मानानें प्रस्तुत लेखाचा विषय क्षुद्र वाटेल. हा ताम्रपट नव्हे, सनद नव्हे, कोणा देशपांड्यांच्या दप्तरांतील महजरहि नव्हे. ही दोनशें पानांची एक रेघांची वही आहे. तिच्यांत गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत संशयकल्लोळ’ नाटकाची, शाळेंतील मुलांनीं प्रयोग करावा म्हणून उतरून घेतलेली, कापलेली व कांहीं ठिकाणीं बिघडविलेली प्रत आहे. उतरून घेणारा आणि बिघडविणारा प्रस्तुत लेखकच होय. प्रयोग इ. स. १९९२ च्या जानेवारींत अर्धापूर येथील एका शाळेच्या स्नेहसंमेलनांत झाला. इतक्या अलीकडच्या कागदाविषयीं संशोधकांच्या पत्रांत लिहिण्याचें धारिष्ट करतों, याचें कारण पुढें येईलच.

प्रथम प्रतीचें वर्णन. मूळ मजकूर निळ्या शाईचा. कापाकापी व बदल लाल शाईचे. समासांत पेन्सिलीचा एक तिसरा थर आहे. तो माझ्या हातचा नाहीं. पडद्याआड बसून चुकलेल्यास वाक्य पुरविण्याचें काम ज्या विद्यार्थ्याकडे होतें त्याचें तें अक्षर आहे. वहीबरोबर सुट्या कागदांवरील सात नकला सांपडल्या. ‘नक्कल’ हा शब्द येथें नाटकमंडळींच्या अर्थानें घ्यावयाचा, म्हणजे एकेका पात्राचीं भाषणें तेवढीं, आधींच्या पात्राच्या अखेरच्या दोन शब्दांसह. फाल्गुनरावाची नक्कल वाळवीनें अर्धी खाल्ली आहे. आश्विनशेठची मुळींच मिळाली नाहीं.

आतां या ग्रंथाची वंशावळ. पॅरिसच्या पेती-बूर्बाँ नाटकगृहांत मोलियेरचें ‘स्गानारेल’ हें एकांकी प्रहसन इ. स. १६६० च्या मे महिन्याच्या २८ तारखेस प्रथम झालें. मुख्य पात्राचें काम खुद्द मोलियेरनें केलें. त्याच महिन्यांत शाइस्तेखान पुण्यास येऊन दाखल झाला होता. दोन्ही गोष्टी एका वर्षाच्या रकान्यांत लिहितांना हात थबकतो. पुढें आर्थर मर्फी यानें त्याच कथासूत्रावर पांच अंकांचें ‘ऑल इन द राँग’ हें इंग्रजी नाटक रचलें. तें लंडनांत इ. स. १७६१ त, म्हणजे पानिपतच्या वर्षीं, रंगभूमीवर आलें. देवलांनीं मर्फीच्या नाटकावरून इ. स. १८९३ त ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हें गद्य नाटक सिद्ध केलें, आणि आयुष्याच्या अखेरीस त्यालाच पदें घालून ‘संशयकल्लोळ’ केलें. तें गंधर्व नाटक मंडळीनें इ. स. १९१६ त रंगभूमीवर आणलें. गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव आणि बालगंधर्वांची रेवती यांचा लौकिक सर्वश्रुत आहे. देवल त्याच वर्षीं जूनमध्यें निवर्तले. पॅरिस, लंडन, पुणें-मुंबई आणि मग केळींच्या बागांमधलें आमचें अर्धापूर, असा हा प्रवास.

देवल स्वतः कांहीं काळ बेळगांवीं शिक्षक होते, आणि ज्या अण्णासाहेब किर्लोस्करांच्या सहवासानें त्यांना नाटकाचें वेड लागलें तेहि तेथें शिक्षकच. मराठी संगीत नाटकाचे दोन आधारस्तंभ खडू हातांत घेतलेले होते, हें आमच्यासारख्यांनीं थोडें अभिमानानें सांगितलें तर कोणी रागावूं नये.

मराठवाड्यांत शाळेंतलें मराठी नाटक या गोष्टीला निराळें वजन आहे. ता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता, आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. हैदराबादचें उस्मानिया विद्यापीठ इ. स. १९१८ पासून उर्दूंतूनच शिकवी. अशा काळांत ज्या मोजक्या खाजगी संस्थांनीं मराठी शाळा चालविल्या, त्यांच्या वर्गांत आमच्या आधींच्या पिढीनें मराठी जतन केली. माझे स्वतःचे गुरुजी उर्दूंतून शिकलेले होते. ते देवनागरी वळण घोटून घेत तें एखादें व्रत सांगावें तसें. नांदेडांत नरहर कुरुंदकरांनीं शिक्षक म्हणून व पुढें प्राध्यापक म्हणून अनेकांना नाट्यशास्त्राची गोडी लावली. माझ्या पिढीला भरताचें नांव भीतीशिवाय घेतां येऊं लागलें तें त्यांच्यामुळें.

तालमींत मुलांना नाटक चटकन् पाठ झालें याचें श्रेय देवलांच्या नांवांना आहे. फाल्गुनराव, आश्विनशेठ, वैशाखशेठ, भादव्या हे महिने, आणि कृत्तिका, रेवती, रोहिणी, मघा हीं नक्षत्रें. शेतकऱ्यांच्या मुलांना नक्षत्रें शिकवावीं लागत नाहींत. मघा बरसल्या कीं नाहीं हें त्यांच्या घरीं रोजच्या बोलण्यांत असतें. मीं त्यांना एक गंमत दाखविली. नक्षत्रमालेंत रेवती शेवटची आणि अश्विनी पहिली, म्हणजे चक्र फिरलें कीं दोघें शेजारी. उलट फाल्गुनाचें नातें फाल्गुनी नक्षत्रांशीं. कृत्तिका ही कार्तिकाची. तेव्हां या घरांतील नवराबायकोचें पंचांगांतच जुळत नाहीं! देवलांनीं हें योजून केलें असें माझें म्हणणें नाहीं, परंतु ज्या मुलानें फाल्गुनरावाचें काम केलें त्याला हें कारण फार पटलें.

नाटकाचें बीज एका तसबिरींत आहे. आश्विनशेठची तसबीर रेवतीजवळ असते. ती रस्त्यांत मूर्च्छित होते, फाल्गुनराव तिला सांवरतो, आणि हें कृत्तिका खिडकींतून पाहते. रेवतीच्या हातून पडलेली तसबीर मग कृत्तिकेला सांपडते, आणि परपुरुषाचें चित्र निरखणारी बायको फाल्गुनरावाच्या दृष्टीस पडते. मूर्च्छा, खिडकी, पडलेलें चित्र: हीं तिन्ही स्थळें मोलियेरपासून जशींच्या तशीं आलेलीं आहेत. संस्कृतज्ञाला येथें श्रीहर्षाची ‘रत्नावली’ आठवल्यावांचून राहत नाहीं. सागरिका राजाचें चित्र काढते, सुसंगता त्याच फलकावर शेजारीं सागरिकेचें चित्र रेखते. आणि विदूषक हर्षानें हात वर करून नाचूं लागतो तों काखेंतला फलक खालीं पडतो व राणी वासवदत्तेपुढें येतो. मोलियेरच्या हजार वर्षें आधीं पडलेल्या चित्रानें एका स्त्रीचा मत्सर जागा केला होता. मात्र साम्य म्हणजे वंश नव्हे. ‘रत्नावली’ मोलियेरच्या कानीं गेली होती असें म्हणण्यास तिळमात्र आधार नाहीं, आणि असल्या अनुमानांनीं आपल्या नियतकालिकांचीं पुष्कळ पानें वायां गेलेलीं आहेत. इतकेंच म्हणावें कीं शाकुंतलांतील अंगठी ज्या कामासाठीं आहे त्याच्या नेमकें उलट काम ही तसबीर करते; अंगठीनें ओळख पटते, तसबिरीनें ओळख मोडते.

प्रयोगासाठीं तसबीर म्हणून मुलानें नांदेडास जाऊन पासपोर्टच्या आकाराचा फोटो काढून आणला. तो तिसऱ्या रांगेपलीकडे दिसेना. शेवटीं एका कॅलेंडराची चौकट कापून त्यांत बसविला.

आतां माझ्या अपराधाकडे येतों. देवलांची रेवती ही नायकिणीच्या घरची मुलगी आहे. प्रयोगाच्या पंधरा दिवस आधीं एक वडीलधारे गृहस्थ तालीम पाहून म्हणाले, “मास्तर, नाटक छान आहे, पण नायकिणीचं घर शाळेच्या रंगमंचावर कशाला?” मीं वाद केला नाहीं. मुलींच्या घरून कोणी येऊन काम बंद करील ही भीति होती, आणि ती भीति सोईचीहि होती. त्याच रात्रीं लाल शाईनें मघा ही रेवतीची विधवा मावशी झाली, नायकिणीच्या व्यवसायाचे सर्व उल्लेख गेले, आणि जोड दिसूं नये म्हणून मीं स्वतःचीं चार वाक्यें घुसडलीं. जुन्या पोथ्या उतरणाऱ्यांच्या प्रक्षेपांवर वर्गांत तास तास बोलणारा मनुष्य स्वतः प्रक्षेपक झाला.

दुसऱ्या दिवशीं रेवतीचें काम करणारी मुलगी नक्कल हातांत घेऊन आली व म्हणाली, “सर, मावशीचं घर असलं तर आश्विनशेठला एवढा संशय कशाचा येतो?” मीं उत्तर दिलें, “संशयाला कारण लागत नाही, म्हणूनच तर लोक हसतात.” ती गप्प राहिली. तिचें समाधान झालें नव्हतें, आणि माझेंहि नाहीं. उत्तर फाल्गुनरावापुरतें खरें होतें. त्याचा संशय स्वभावांतून उगवतो. त्याला घर, दार, साक्ष कांहींच नको. आश्विनशेठचें तसें नाहीं. रेवतीवर त्याचा जीव आहे, परंतु त्या घराविषयीं गांव काय म्हणतो तेंहि त्याच्या कानांत आहे, आणि संशयाची वेळ येतांच तो आपल्या डोळ्यांऐवजीं गांवाच्या तोंडावर विश्वास ठेवतो. दोन संशयांची ही दोन कुळें आहेत. मीं एकाचें मूळच खणून काढलें. प्रयोगाच्या रात्रीं फाल्गुनरावाला हंशा मिळाला, आश्विनशेठच्या प्रवेशांत मंडप थंड राहिला. त्या मुलाला वाटलें आपणच कमी पडलों. मीं त्याला खरें कारण सांगितलें नाहीं, हा दुसरा अपराध.

या कापाकापीचा खरा अर्थ मला सेवानिवृत्तीनंतर मर्फीचें नाटक मिळवून वाचलें तेव्हां कळला. मर्फीची बेलिंडा ही ब्लँडफर्ड नांवाच्या सभ्य गृहस्थाची कन्या. मोलियेरची सेलीहि गोर्जिबुसच्या घरंदाज संसारांतली. नायकिणीचें घर या दोघांकडेहि नाहीं. तें देवलांनीं घातलें. कोठून घातलें हेंहि मला उघड दिसतें. ज्या हातानें आधीं शूद्रकाचें ‘मृच्छकटिक’ मराठींत आणून वसंतसेनेला मराठी प्रेक्षकांपुढें उभें केलें, जी गणिका शेवटीं वधूपदाला पोंचते, त्याच हातानें इंग्रजी बेलिंडेला रेवती करतांना वसंतसेनेचा वारसा दिला. पुढें इ. स. १८९९ त ‘शारदा’ रंगभूमीवर आणणारा हा नाटककार होता. विवाहाच्या बाजारांत मुलीची किंमत कोण ठरवितो हा प्रश्न त्याला विनोदांतहि सुटला नाहीं. म्हणजे मीं जें कापलें तें नेमकें देवलांचें स्वतःचें होतें. मर्फीचें नाटक न वाचतां, केवळ भीतीनें, माझी प्रत देवलांना वगळून पुन्हां लंडनकडे गेली होती. पाठचिकित्सेंत लोपाचीं जीं कारणें आपण सांगतों, नजरचूक, पान गळणें, लेखकाचें अज्ञान, त्यांत ‘लोकलज्जा’ हें एक जोडावें असें मी सुचवितों. तें कारण जुन्या पोथ्यांतहि आपण समजतों त्याहून अधिक ठिकाणीं असेल.

पेन्सिलीच्या थराविषयीं मात्र मनापासून आनंद आहे. भादव्याचें काम करणारा मुलगा छापील वाक्यें विसरला कीं आपल्या घरच्या बोलींत बोले. पुण्याकडचें ‘येतोय’ तो ‘येऊलालो’ असें म्हणे, आणि मंडप उसळे. प्रॉम्प्टर हुशार होता. तालमींत ज्या बोलीवर हंशा आला ती त्यानें समासांत टिपून ठेवली, म्हणजे पुढच्या वेळीं तीच पुरवितां यावी. संस्कृत नाटकांत राजा संस्कृत बोलतो आणि सेवक प्राकृत, ही व्यवस्था मुलांनीं न शिकतां पुन्हां उभी केली. माझें लाल टिपण हा त्या प्रतीचा बिघाड. हें पेन्सिलीचें टिपण मात्र नांदेडच्या बोलीचें अस्सल साधन आहे. त्यांतील क्रियापदें मीं स्वतंत्र कागदावर काढून ठेविलीं आहेत.

संग्राहकांस माझी विनंति एवढीच कीं शाळांच्या कपाटांतून अशा वह्या रद्दींत जात आहेत त्या पाहाव्या. छापील नाटक कोठेंहि मिळतें. एखाद्या गांवानें त्यांतून काय गाळलें, काय घातलें, कोठें हंसलें, हें छापील पुस्तकांत नसतें. आणि तसली वही एकच असते. घेतांना शाईचे थर वेगळे नोंदवावे, सुट्या नकला वहीपासून तोडूं नयेत, आणि खाडाखोड ‘स्वच्छ’ करण्याचा मोह टाळावा. हा मोह मलाहि झाला होता. लाल रेघांखालचा मजकूर वाचतां येतो. पुन्हां निळ्या शाईनें वर लिहून टाकावा असें एकदां मनांत आलें. नाहीं लिहिला.

मागील वर्षीं तीच रेवती घरीं आली होती. आतां ती स्वतः शिक्षिका आहे, आणि आपल्या वर्गाकडून हेंच नाटक करवून घेण्याचें तिच्या मनांत आहे. तिनें वही मागितली. मीं तिला छापील पुस्तक दिलें आणि वही दाखविली. लाल पानांवर ती बराच वेळ थांबली, मग म्हणाली, “सर, आम्ही मघा नायकीणच ठेवणार आहोत.” घरच्यांची समजूत कशी घालणार हें मीं विचारलें. तिनें पालकांची सभा आधींच घेतली होती.

वहीच्या शेवटच्या पानावर, पोथींत जेथें पुष्पिका असते तेथें, हिशेब आहे: मिशा दोन, परत करणें, पडद्याची दोरी, रंगाच्या डब्या, पेटीवाल्यास चहा. त्याखालीं प्रॉम्प्टरच्या पेन्सिलीनें एक ओळ आहे: तसबीर सापडली नाही.